करणारा आणि करविणारा

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका वृद्ध मातेने मला दिला. मागील पौर्णिमेस याच विहारात सभा संपल्यावर ती मजजवळ आली. तिच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली, घरातील देव्हारा उचलला आणि गावच्या जत्रेची वर्गणी देण्याचे नम्रपणे नाकारले. त्यानंतर आठवड्याच्या आतच दुकानदाराने त्यांना मीठमिरची देणे थांबविले आणि गिरणीवाल्याने दळण न दळताच परत केले. फिर्याद झाली. दुकानदार व गिरणीवाला या दोघांची नावे आरोपी म्हणून लागली. हे सारे मला सांगून झाल्यावर ती म्हणाली, "वकीलदादा, दुकानदार माणूस वाईट नाही. पंधरा वर्षं त्यानंच आम्हाला उधार दिलं. ज्यानं पारावर बसून सांगितलं की ह्यांना काही देऊ नका, तो अजून पारावरच बसलाय. कागदात त्याचं नावसुद्धा नाही. त्याचं काय?"

मी तिला म्हणालो की त्याचा अपराध दुकानदाराहून कमी नाही, किंबहुना अधिकच आहे. त्यावर तिने विचारले, "मग त्याचं नाव कसं नाही?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या देता येण्यासारखे नव्हते. ते आज देण्याचा यत्न करतो.

जो स्वतः हात उचलत नाही, परंतु दुसऱ्यास हात उचलावयास सांगतो, त्याच्या कृत्यास कायद्याच्या मराठीत 'अपप्रेरणा' म्हणतात. शब्द जड आहे. आपण रोजच्या बोलण्यातला 'चिथावणी' हा शब्द घेऊ. शास्त्रात थोडा फरक आहे, कारण अपप्रेरणेत चिथावणीखेरीज कट करणे आणि जाणूनबुजून साहाय्य करणे यांचाही समावेश होतो. आज मात्र आपल्याला त्या पारावरच्या माणसाविषयी बोलावयाचे असल्यामुळे चिथावणी हाच शब्द पुरेल.

आपल्यापैकी प्रत्येकाला अंगुलिमालाची कथा ठाऊक आहे. आपली मुलेही ती सांगतात: अरण्यात एक क्रूर दरोडेखोर होता, तो माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घाली, भगवान बुद्ध त्याला सामोरे गेले आणि तो बदलला. परंतु त्याने बोटे का गोळा केली, हे मुलांना विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येणार नाही. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात ते कारण नाही, अट्ठकथेत आहे. या तरुणाचे नाव अहिंसक. तो कोसल देशाच्या राजपुरोहिताचा पुत्र. तक्षशिलेस शिकावयास गेला, आणि इतर शिष्यांहून हुशार निघाला म्हणून त्यांच्या मनात मत्सर उत्पन्न झाला. त्यांनी गुरूचे कान भरले. एकाने सांगितले, दुसऱ्याने दुजोरा दिला, तिसऱ्याने शपथ घेतली. गुरूच्या मनात विष भिनले. परंतु आपण उघडपणे शिष्यास मारले तर पुढे कोणी शिकावयास येणार नाही, हा हिशेब त्या विद्वानाने केला, आणि शिष्यास आज्ञा केली की, गुरुदक्षिणा म्हणून हजार माणसांची बोटे आण. तो तरुण प्रथम कचरला. आपले कूळ हिंसा करणारे नव्हे, असे तो म्हणाला. दक्षिणेवाचून विद्या फळत नाही, असे गुरूने त्यास बजावले.

आता यातील माणसे मोजा. मत्सरी शिष्यांनी गुरूस चिथावले, गुरूने अहिंसकास चिथावले आणि अहिंसकाने माणसे मारली. शिष्य आपल्या घरी गेले असतील. गुरू आपल्या आसनावर राहिला असेल. अडीच हजार वर्षे जगाने नाव लक्षात ठेवले ते बोटांवरून पडलेले, म्हणजे हाताचे. गुरूचे नाव आपल्यातील कोणास ठाऊक आहे? त्या मातेचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच होय.

म्हणून अंगुलिमाल निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेस गेला असता त्याच्यावर दगड पडले, डोके फुटले, पात्र मोडले, आणि भगवंतांनी त्याला सहन करावयास सांगितले, कारण ते त्याच्या कर्माचे फळ होते. 'मला सांगितले म्हणून मी केले' ही सबब धम्मात चालत नाही व सामान्यतः न्यायालयातही चालत नाही. दुकानदाराने पंधरा वर्षे उधार दिले हे खरे. तरी ज्या दिवशी त्याने मीठ नाकारले, त्या दिवशीचा अपराध त्याचाच आहे. त्यात एकाची भर पडावयाची आहे, एकास वगळावयाचे नाही.

दुसरी कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील असून ती माझ्यासारख्या वकिलास अधिक आश्चर्यकारक वाटते. देवदत्ताने राजपुत्र अजातशत्रूस पित्याचा वध करण्यास चिथविले. पुढे अजातशत्रूने आपली माणसे त्याच्या दिमतीस दिली, तेव्हा देवदत्ताने एका माणसास भगवान बुद्धांचा वध करावयास पाठविले व कोणत्या वाटेने परत यावयाचे ते सांगितले. त्या वाटेवर त्याने दोघांना उभे केले : या वाटेने जो एकटा येईल त्यास ठार करा. त्या दोघांच्या वाटेवर चौघे, चौघांच्या वाटेवर आठ आणि आठांच्या वाटेवर सोळा जण ठेवले. एक, दोन, चार, आठ, सोळा. ही योजना कशासाठी? कोणी सांगितले हे सांगावयास कोणी जिवंत राहू नये यासाठी. चिथावणी देणाऱ्यास आपला शब्द हाच आपल्याविरुद्धचा पुरावा आहे हे पक्के ठाऊक असते, आणि तो पुरावा पुसण्याची तजवीज तो शब्द उच्चारण्यापूर्वीच करतो. आजच्या पारावरचा पुढारी सोळा माणसे उभी करीत नाही. 'मी कोठे काय बोललो?' एवढेच म्हणतो, आणि ऐकणारे मान खाली घालतात. काम तेच होते.

ती योजना फसली. पहिला माणूस तलवार व धनुष्य घेऊन आला आणि भगवंतांसमोर थरथर कापू लागला. त्याने अपराध कबूल केला व तो उपासक झाला. भगवंतांनी त्याला दुसऱ्या वाटेने जावयास सांगितले. वाट पाहून कंटाळलेले दोघे शोध घेत आले, तेही उपासक झाले, पुढचेही तसेच. म्हणजे वध झाला नाही, कोणास ओरखडाही आला नाही. मग देवदत्ताचा गुन्हा झाला की नाही?

इथे आपण धम्मग्रंथातून कायद्याच्या पुस्तकाकडे वळू. १८६० ची भारतीय दंडसंहिता आता इतिहासजमा झाली असून १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु चिथावणीविषयीचे तत्त्व जवळजवळ शब्दशः तेच राहिले. पूर्वीची कलमे १०७ पासून सुरू होत. आता ती ४५ पासून सुरू होतात. त्यात एक दृष्टांत आहे. एकाने दुसऱ्यास तिसऱ्याचा खून करावयास सांगितले, आणि दुसऱ्याने नकार दिला. तरीही सांगणारा गुन्हेगार आहे. कृत्य घडलेच पाहिजे अशी अट नाही. ज्या गुन्ह्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे, असा गुन्हा करण्याची चिथावणी दिली आणि तो घडला नाही, तरी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यात कोणास दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. कारावासास पात्र अशा इतर गुन्ह्यांची चिथावणी वाया गेली तर मूळ शिक्षेच्या कमाल मुदतीच्या एकचतुर्थांशापर्यंत. आणि चिथावणी देणारा अथवा घेणारा हा तो गुन्हा रोखण्याचे कर्तव्य असलेला लोकसेवक असेल, तर निम्म्यापर्यंत. देवदत्त आज असता तर सोळा माणसांच्या शपथांवाचूनही, त्या पहिल्या एकट्याच्या साक्षीवर त्याच्यावर खटला उभा राहू शकला असता.

आणि कृत्य घडले तर? चिथावणीमुळे गुन्हा घडला, आणि त्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर करविणाऱ्यास करणाऱ्याइतकीच शिक्षा. अपप्रेरक गुन्ह्याच्या जागी स्वतः हजर असेल, तर त्याने तो गुन्हा स्वहस्ते केला असेच धरले जाते. 'मी नुसता बाजूला उभा होतो' असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी हे कलम वाचण्यासारखे आहे. ज्याला चिथावले तो कायद्याने अपराधी ठरू शकत नसेल, उदाहरणार्थ सात वर्षांखालील मूल असेल, तरी सांगणारा सुटत नाही. उलट, लहान मुलांना पुढे करून गुन्हे करविणाऱ्यांसाठी नव्या संहितेत कलम ९५ हे स्वतंत्र कलम आले आहे. त्यात किमान तीन व कमाल दहा वर्षे कारावास आहे.

मग साखळीचे काय? पहिल्याने दुसऱ्यास सांगितले की तू तिसऱ्यास सांग. कायदा म्हणतो, चिथावणीची चिथावणी हीही चिथावणीच होय. मला ही तरतूद शिकविली गेली तेव्हा ती विलायती बुद्धीची करामत वाटली होती. पुढे विनयपिटक वाचताना दुसऱ्या पाराजिकाचे, म्हणजे चोरीविषयीच्या नियमाचे, विवरण दृष्टीस पडले आणि मी थक्क झालो. एक भिक्खू दुसऱ्यास सांगतो की अमक्यास सांग, त्याने तमक्यास सांगावे, आणि तमक्याने अमुक वस्तू चोरावी. असे सांगताच 'दुक्कट', म्हणजे लहान दोष. शेवटच्याने ते स्वीकारले की ज्याने मुळात सांगितले त्यास 'थुल्लच्चय', म्हणजे जड दोष. वस्तू चोरली गेली की सर्वांना पाराजिक, म्हणजे सर्वच संघातून गेले. ज्याने प्रथम शब्द उच्चारला त्यास तेथे 'मूलट्ठ' असे नाव आहे : जो मुळाशी उभा आहे तो. इतके नेमके नाव आमच्या दंडसंहितेलाही सुचलेले नाही.

विनयात आणखीही एक बारकावा आहे. सांगणाऱ्यास पश्चात्ताप झाला, परंतु 'चोरू नकोस' हे त्याने ऐकविले नाही, आणि चोरी झाली, तर तोही पाराजिक. मात्र त्याने स्पष्ट शब्दांत ऐकविले, आणि तरीही दुसऱ्याने चोरी केली, तर सांगणारा त्यातून सुटतो. मनातल्या मनात शब्द परत घेता येत नाही. जसा उच्चारला तसाच उच्चारून परत घ्यावा लागतो. आपल्या संहितेत एवढीही सवलत लिहिलेली नाही. तेथे शब्द निघताच चिथावणीचा गुन्हा पुरा होतो.

आता आपल्या घराजवळच्या कायद्यांकडे येऊ. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ मध्ये झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्यात दुकानदाराने माल नाकारणे हा कलम ६ खाली अपराध आहे. परंतु त्याच्या पुढचेच कलम ७ पाहा. बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी, दृश्य चित्रणाने किंवा अन्य रीतीने कोणाही व्यक्तीस, वर्गास वा सर्वसाधारण जनतेस अस्पृश्यता पाळावयास चिथावणी अथवा उत्तेजन देणे हा तेथे स्वतंत्र अपराध सांगितला आहे. दुकानदाराचे कलम वेगळे, पारावरच्या माणसाचे वेगळे. 'खुणांनी' हा शब्दही लक्षात ठेवा. भ्रमणध्वनीवरून गावभर फिरणारा संदेश लिहिलेल्या शब्दांत मोडतो, आणि संदेशातील चित्रही सुटत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १० मध्ये १९७६ साली एक स्पष्टीकरण घातले गेले : या कायद्याखालील अपराधाच्या तपासात जाणूनबुजून हयगय करणारा लोकसेवक हा अपप्रेरक समजला जाईल. हे स्पष्टीकरण मी अनेक ठाण्यांत वाचून दाखविले आहे आणि ते ऐकल्यावर लेखणी पुष्कळदा हातात घेतली जाते, असा माझा अनुभव आहे.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम याहून कडक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, इतकेच नव्हे तर त्याची धमकी देणे, हाही त्यात अत्याचार आहे. त्याचे कलम ८ सांगते की, आरोपीने केलेल्या अपराधासंबंधात कोणी पैशाचे साहाय्य केले असे सिद्ध झाले, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याने अपप्रेरणा केली असेच न्यायालय गृहीत धरील. याशिवाय महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो जुलै २०१७ पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तो कोणत्याही जातिधर्माच्या माणसास उपयोगी पडतो.

येथे नवदीक्षित कुटुंबांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण ती मला दर सभेत विचारली जाते. 'तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हाला अत्याचाराचा कायदा लागू नाही,' असे कित्येकांस सांगितले जाते. हे खोटे आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही त्यात समावेश झाला. ज्यांची मूळ जात त्या यादीत आहे, त्यांचे संरक्षण धम्मदीक्षेने जात नाही. दाखले नीट करून ठेवा.

बंधु-भगिनींनो, आता विषयाची दुसरी बाजू. चिथावणीचा कायदा आपल्या हाती आला म्हणून जे जे बोलले जाते ते ते सारे चिथावणी आहे असे मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात असे ठरविले की, भांडणाच्या भरात 'जा, मर' असे म्हटले एवढ्यावरून आत्महत्येची चिथावणी सिद्ध होत नाही. त्यामागे तसा हेतू असावा लागतो. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या करून दाखविल्या. पहिल्या दोन भाषणस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात, मग ते विचार कोणास कितीही अप्रिय असोत. हा निवाडा आपल्या चळवळीस श्वासासारखा आवश्यक आहे. जातिव्यवस्था मोडा, देव्हारे सोडा, वर्गणी देऊ नका असे आपण सभांतून सांगतो. ते चिथावणी नव्हे, कारण ज्याची प्रेरणा आपण देतो ते कृत्यच मुळात अपराध नाही. शब्दाचा दोष ज्या कृत्याकडे तो ढकलतो त्यावरून ठरतो.

हे तत्त्व महाडइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांस चवदार तळ्यावर नेले. ही प्रेरणाच होती, आणि तिच्यात अपराधाचा अंशही नव्हता, कारण महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच ते तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला होता. त्याच दिवशी गावात दुसऱ्या प्रकारची प्रेरणा हिंडत होती. 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत' अशी हूल कोणी तरी उठविली, आणि त्या हुलीने जमाव लाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर व वाटेतील माणसांवर तुटून पडला. देवळात जाण्याचा बेत नव्हताच. कायदा सांगतो की, जाणूनबुजून खोटे सांगून कोणाकडून कृत्य घडविणे हीही चिथावणी होय. त्या दिवशी एकाच गावात दोन शब्द फिरले. एकाने माणसे पाण्यापर्यंत नेली, दुसऱ्याने पाणी पिऊन आलेल्यांची डोकी फोडली. मार खाल्लेले आपले लोक संतापलेले होते, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. उलट त्यांना शांत केले. ते कायदेपंडित होते, म्हणून केवळ नव्हे. परंतु तेही एक कारण असावे असे मला वाटते.

त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले. या वेळी दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम झालेला होता. माणसे तीच, तळे तेच, नेताही तोच. परंतु आता तळ्यावर चला म्हणणे याचा अर्थ हुकूम मोडा म्हणणे असा झाला असता, आणि बाबासाहेबांनी लोकांस थांबविले. त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र पुढे ढकलले गेले. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. तरुण मित्र मला सांगतात की, तेव्हाच जावयास हवे होते. वाद घालण्यासारखा हा प्रश्न आहे, आणि वाद घालणे हा अपराध नाही, हे मी आताच सांगितले.

तरुणांविषयी बोलतोच आहे तर एक कडू गोष्टही सांगतो. जयंतीच्या मिरवणुकीवर कोठून तरी एक दगड येतो. त्या क्षणी आपल्यातीलच कोणी तरी ओरडतो, 'जाळा त्यांचं दुकान.' ओरडणारा पुष्कळदा त्या वस्तीचा नसतोच. कधी तो आपलाही नसतो. मुले धावतात. मी अशी प्रकरणे चालविली आहेत. ओरडणारा दुसऱ्या दिवशी गावात नसतो, आणि कॉलेजात शिकणारी चार मुले वर्षानुवर्षे तारखांना हजर राहतात. नोकरीच्या अर्जावर 'खटला प्रलंबित आहे काय' या रकान्यापाशी त्यांची लेखणी थबकते. दहाहून अधिक माणसांस किंवा सर्वसाधारण जनतेस चिथावणी देण्याचे वेगळे कलम आहे. पूर्वी त्यास तीन वर्षे होती, न्याय संहितेच्या कलम ५७ ने ती सात वर्षांपर्यंत नेली. योगायोगाची गोष्ट अशी की, त्या कलमाखालचा जुना दृष्टांत मिरवणुकीचाच आहे : विरुद्ध पंथाच्या मिरवणुकीवर हल्ला करण्यासाठी अमुक वेळी अमुक जागी जमा, असे पत्रक एक मनुष्य सार्वजनिक जागी चिकटवितो. म्हणजे हे कलम आपल्या मिरवणुकीचे संरक्षणही करते आणि आपल्या ओरडणाऱ्यास तुरुंगातही धाडते. दुकान जाळा म्हटले आणि आत झोपलेला मनुष्य मेला, तर 'मी फक्त दुकान म्हणालो होतो' हे म्हणणे टिकणे कठीण. चिथावणीचा जो संभाव्य परिणाम, त्याचीही जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

धम्मपदाच्या दंडवग्गात मारणे आणि मारविणे ही दोन्ही जोडीनेच वर्ज्य ठरविली आहेत. आपण पहिले शील घेतो तेव्हा हातासाठी घेतो, जिभेची आठवण चौथ्या शिलापर्यंत येत नाही. वास्तविक पहिल्या शिलातही जीभ आहेच.

आता त्या मातेचा दुसरा प्रश्न : मग त्याचे नाव कसे नाही?

कारण ते कोणी सांगितले नाही. मी ती फिर्याद वाचली. तिच्यात दुकानदाराने काय केले, गिरणीवाल्याने काय केले, तारीख, वार, किती किलो ज्वारी, सारे होते. त्या आधीच्या संध्याकाळी पारावर काय बोलले गेले, हे त्यात एका ओळीत आले होते : 'गावातील लोकांनी ठरविले.' बंधु-भगिनींनो, 'गावातील लोक' या नावाचा आरोपी कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकत नाही. ठरविले असे लिहू नका. कोण बोलला ते लिहा. 'धमकी दिली' असे लिहू नका. जे शब्द उच्चारले गेले ते त्याच बोलीत, शिवीसुद्धा जशीच्या तशी, लिहून घ्यावयास लावा. कोठे उभा राहून बोलला, समोर कोण कोण होते, किती होते, वेळ कोणती, हे लिहा. १९९५ च्या नियमांप्रमाणे तोंडी दिलेली खबर ठाण्याच्या अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य द्यावी. वाचून दाखविली नाही तर सही अथवा अंगठा करू नका. संदेश आला असेल तर तो पुसू नका, पुढे पाठवूही नका. तसाच ठेवा व दाखवा. करणाऱ्याचा पुरावा पुष्कळदा डोळ्यांस दिसतो. करविणाऱ्याचा पुरावा कानातच असतो, आणि कान लवकर विसरतो. म्हणून ऐकल्या रात्रीच घरातील लिहिता येणाऱ्या मुलाकडून तो वहीत तारखेसह उतरवून घ्या.

आणि जे ऐकले नाही ते लिहू नका. ज्याच्यावर राग आहे त्याचे नाव घुसडण्याचा मोह होतो; मी तो पाहिला आहे. एक खोटे नाव नऊ खऱ्या नावांना सोडविते. शिवाय खोटी साक्ष देण्यास सांगणे ही चिथावणीच आहे, आणि ती संहितेतील दृष्टांतांपैकी एक आहे.

राहून गेलेले नाव पुढे लावता येते काय, असे त्या मातेने विचारले. येते. तपास चालू असताना पुरवणी जबाब देता येतो; उशीर का झाला याचे उत्तर मात्र द्यावे लागते आणि बचावाचा वकील त्यावर बोट ठेवणारच. मी तिला विचारले, पारावरचे ते बोलणे प्रत्यक्ष कोणी ऐकले? ती म्हणाली, त्या वेळी हातपंपावर तीन बायका पाणी भरत होत्या. पार तेथून वीस पावलांवर आहे. एक तिची सून, दुसरी शेजारीण. या दोघींनी गेल्या आठवड्यात आपले जबाब दिले. दोघींनी एकमेकींस न विचारता तेच शब्द सांगितले आणि ते जसेच्या तसे लिहिले गेले.

तिसरी अजून ठाण्यात गेलेली नाही. तिचा नवरा त्याच माणसाच्या शेतावर सालगडी आहे. काल ती मातेबरोबर माझ्या घरी आली होती. चहा घेतला, फारशी बोलली नाही. जाताना उंबऱ्याशी थांबून तिने एवढेच विचारले की, साल पाडव्याला संपते, तोवर थांबले तर चालेल काय.